साठला एक कमी

१

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळजी दुकानाला कुलूप घालून पाखरं मोजायला जायचे. गल्लीला हे बावीस वर्षं माहीत होतं. तरी खांद्यावर दुर्बिणीची तिपाई आणि गळ्यात पिशवी असं ध्यान दिसलं, की कुणीतरी विचारायचंच, "काय, सकाळी सकाळी कुठं स्वारी?" आणि घड्याळजी सांगायचे, "सासुरवाडीला." त्यात खोटं काही नव्हतं. मोजायला जोडीला सख्खा मेव्हणा असायचा.

घरं संपतात तिथून पुढे गोड्या पाण्याची सात तळी होती. फार पूर्वी विटांसाठी माती काढून काढून पडलेले ते खड्डे. माणसं त्यांना विसरून गेली, तेव्हा त्यांत पाणी साचलं, लव्हाळा माजला, पाखरं आली. आणि पाखरं आल्यावर माणसांना पुन्हा आठवण झाली. मग कुंपण पडलं, पायवाटा झाल्या, सायकलवाले आले, पोट कमी करायला चालणारे आले. प्रत्येक तळ्याकाठी एक लाकडी आडोसा उभा राहिला. आत लांब बाक, समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. फटीतून आपण पाखरांना बघायचं, पाखरांनी आपल्याला बघायचं नाही, अशी बोली होती. पाखरं ती पाळत होती की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

काम साधं. घड्याळजी बाकावर डावीकडे बसून दुर्बिणीला उजवा डोळा लावणार. हाच त्यांचा कमावता डोळा. दुकानात भिंग लागायचं तेही त्यावरच. मेव्हणा उजवीकडे, वही मांडीवर घेऊन. तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. जन्मभर डॉक्टरचं अक्षर वाचून त्याचं स्वतःचं अक्षर मात्र जिद्दीनं सुंदर झालेलं. टिपण्याआधी तो पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा, टच् करून. "भावोजी, बोला," म्हणायचा.

पहिल्या वर्षी एक घोटाळा झाला. घड्याळजी म्हणाले एकोणसत्तर, कंपाउंडरनं ऐकलं एकोणऐंशी. न जन्मलेली दहा पाखरं वहीत गेली, वहीतून छापील अहवालात गेली, आणि कुठल्याशा प्राध्यापकानं ह्या अचानक वाढीवर चार पानी लेख लिहिला. तेव्हापासून दोन नियम झाले. सांगितलेला आकडा लिहिणाऱ्यानं मोठ्यानं उलट म्हणायचा, मगच टिपायचा. आणि 'एकोण' ह्या शब्दाला सातही तळ्यांवर कायमची बंदी. एकोणसत्तर नाही, सत्तरला एक कमी. एकोणचाळीस नाही, चाळीसला एक कमी.

ही सवय इतकी मुरली, की ह्या वर्षी वाढदिवसाला कुणीतरी वय विचारलं तर घड्याळजी म्हणाले, "साठला एक कमी." कंपाउंडर तिथं असता तर त्यानं ते मोठ्यानं उलट म्हटलं असतं. पण तो नव्हता. त्याच्या आधीच, औषधाची पुडी बांधता बांधता तो उजवीकडे कलला होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली.

२

"आज तरी जाणार आहात का माझ्या भावाकडे?" बायको विचारायची.

"आज मोठ्या घड्याळाचं काम आलंय. लंबक अडकतोय."

"आठ महिने अडकतोय तो लंबक."

घड्याळजी मान खाली घालून जेवायचे. इस्पितळात ते एकदाच गेले होते. पलंगावरच्या माणसानं त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. बावीस वर्षं ज्यानं त्यांचा एकही शब्द उत्तराशिवाय खाली पडू दिला नव्हता, तो माणूस उघड्या तोंडानं बघत राहिला. घड्याळजी पाणी आणतो म्हणून उठले ते घरी आले.

"बोलायला शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलंय ना मी?" बायको म्हणायची. "जुन्या सवयीचं बोलणं कानावर पडू द्या. वर्षाच्या आत एखादा शब्द सापडला तर सापडला, पुढे कठीण. आता जुनी सवय म्हणजे कोण? मी? मला तर त्यानं कधी बोलूच दिलं नाही. जुनी सवय तुम्ही."

"जातो गं."

"पाखरांकडे बरे जाता!"

पाखरांकडे ते जात होते खरे. एकटेच बसायचे, डावीकडे, आपल्या जागेवर. आकडा मोठ्यानं म्हणायचे, क्षणभर थांबायचे, मग स्वतःच उजव्या बाजूला सरकून वहीत टिपायचे आणि पुन्हा डावीकडे सरकायचे. बघणाऱ्याला वेड लागलंय असं वाटलं असतं. म्हणून तर आडोसा बरा होता.

३

थंडी पडू लागली होती तो रविवार. तिसऱ्या तळ्यावर पांढुरकं धुकं वीतभर उंच तरंगत होतं आणि धुक्यावर जणू नुसती ठेवून दिलेली चांदव्यांची काळी पाखरं होती. चांदवा ओळखायला सोपा. अंग कोळशासारखं, कपाळावर चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा टिळा. घड्याळजींनी उजवीकडून डावीकडे मोजत नेलं आणि सांगितलं,

"चांदवे, बेचाळीस."

टच्.

"एक कमी."

घड्याळजींचा डोळा दुर्बिणीवरून हलला नाही. हलवायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं. मानच वळेना. आवाज उजवीकडून आला होता, हातभर अंतरावरून, बाकाच्या त्या जागेवरून जिथलं लाकूड बावीस वर्षांत बसून बसून गुळगुळीत झालं होतं. आवाजात धाकबीक काही नव्हता. कामातला आवाज होता. थोडा कंटाळलेला.

मान वळली तेव्हा बाक रिकामा होता. त्यावर वही, वहीवर पेन्सिल.

'मनाचे खेळ,' घड्याळजी स्वतःशी म्हणाले. कान वाजतात. म्हातारपण. साठला एक कमी. दुकानात दोनशे घड्याळं टिकटिकतात, त्यांत जन्म गेला, कानानं एखादा टच् स्वतःहून घडवला तर त्यात नवल काय? इतकं सगळं पटवून त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि पुन्हा मोजलं.

एक्केचाळीस.

तिसऱ्यांदा मोजलं. एक्केचाळीस. उडालेलं तर कुणीच नव्हतं. मग त्यांना आठवलं, की पहिल्या मोजणीत शेवटचा, अगदी डाव्या टोकाचा चांदवा जरा वेगळा होता. बाकीचे चरत होते, बुडी मारत होते, भांडत होते. तो नुसता होता. बाकीच्यांच्या मागे पाण्यावर रेघ उमटत होती, त्याच्यामागे नव्हती. आणि त्याचं कपाळ कोरं होतं.

४

चौथ्या तळ्यावर थापट्या बदकं सतरा. टच्. एक कमी. पुन्हा मोजली, सोळा. पाचव्यावर शेकाटे नऊ. एक कमी. आठ. प्रत्येक वेळी ते जास्तीचं एक डाव्या टोकाला, काळं आणि स्थिर. पाखराला असतं तसं तोंड नाही, पाठ नाही, पण बघतंय आपल्याकडेच हे कळावं इतपत त्याला एक पुढची बाजू होती. आणि "एक कमी" म्हटलं गेलं, की पुढच्या मोजणीला ते नसायचं.

सहाव्या तळ्यावर ते आधीपेक्षा मोठं वाटलं. म्हणजे जवळ. घड्याळजींनी आकडा सांगितलाच नाही. वही बंद केली आणि निघाले.

फाटकापाशी शिट्टीवाल्या बाई होत्या. तळ्यांची राखण त्यांच्याकडे होती. गळ्यातली शिट्टी इतकी जोरात वाजायची की कुंपणाबाहेरची माणसंही सायकलवरून उतरायची.

"आज लवकर आटोपलं? आणि कुणाशी वाद घालत होतात हो आत?"

"कुणाशी घालणार? एकटा तर आहे."

"मी चौथ्याच्या मागनं गेले तेव्हा दोघं बोलत होतात."

"बाई, लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. दोघांचं बोलणं एकट्याला पाठ असतं."

त्या खो खो हसल्या. घड्याळजीही हसले. वळणापर्यंत हसू चेहऱ्यावर ठेवलं आणि मग हळूच उतरवलं.

५

महिनाभर दुकानात काही झालं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण झालं. मनगटी घड्याळ उघडून त्यातले बारीक स्क्रू ते काचेच्या वाटीत टाकायचे. उजव्या डोळ्याला भिंग लावून मोजले की पाच. चिमट्यानं उचलायला गेलं की चार. पाचवा वाटीच्या डाव्या कडेला होता, काळा, आणि चिमटा जवळ नेला की त्या जागी नुसती काच.

इथं "एक कमी" म्हणायला कुणी नव्हतं. टच् नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. तळ्यावर कुणीतरी ते खोडत तरी होतं.

अक्कल शिल्लक होती. ती म्हणत होती, डोळ्यात काहीतरी बिघाड आहे, जा, दाखवा. पण घड्याळजीला डोळा दाखवायचा म्हणजे गवयानं गळा कापायला देण्यासारखं. डॉक्टर काय म्हणेल? काम थांबवा. त्यापेक्षा एक स्क्रू जास्त दिसलेला बरा. शिवाय अकलेलाही सगळ्याचं उत्तर येत नव्हतं. डोळा चुकतो हे कबूल. मग कुणीतरी तो दुरुस्त करतंय, ते कुणाच्या डोळ्यानं?

बायकोनं त्यांना वाटीवर बोट फिरवताना पाहिलं. "काय शोधताय?"

"काही नाही. जास्तीचं निघालं."

"जास्तीचं शोधणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

६

पुढच्या महिन्यातल्या रविवारी ते सरळ सातव्या तळ्यावर गेले. सातवं सगळ्यांत लहान. तिथं थंडीत फार तर चार टिबुकल्या असायच्या. त्या दिवशी त्याही नव्हत्या. पाणी शिशासारखं, वारा नाही, लव्हाळ्याचं एक पातं हलत नव्हतं. रिकामं तळं मोजायला आलो आहोत, म्हणजे चुकायला जागाच नाही, असा घड्याळजींचा हिशोब होता.

त्यांनी डोळा लावला.

डाव्या टोकाला ते होतं. एकटंच. आज त्याला पाखरांत लपायला पाखरं नव्हती.

ते चांदव्याएवढं नव्हतं. पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्याशी मापलं, तर लव्हाळ्याच्या वर दिसत होतं. पाण्यावर त्याची सावली पडली नव्हती. घड्याळजींच्या पाचावर धारण बसली, पण बावीस वर्षांची सवय भीतीच्याही खालच्या मजल्यावर राहत असावी. ओठांनी आपोआप सांगितलं,

"एक."

टच्. "एक कमी."

ते गेलं नाही. ते अलीकडे आलं. चालत नाही, पोहत नाही. आधी मध्यावर होतं, मग अलीकडच्या पाण्यात होतं. घड्याळजींनी दुर्बीण सोडून मागे सरकायला पाहिलं, तर ते दुर्बिणीबाहेरही होतं, फटीच्या डाव्या कडेला, पडद्यासारखं उभं, आणि तो पडदा कुणीतरी हळूहळू ओढत होतं. पाणी झाकलं गेलं. काठ झाकला गेला.

"एक कमी!" उजवीकडचा आवाज आता कंटाळलेला नव्हता. "एक कमी! एक कमी!" घोगरा, फाटलेला, घशाच्या तळातून ओढून काढलेला. घड्याळजींच्या उजव्या दंडाला धक्का बसला, चांगला माणसाच्या कोपराचा बसतो तसा, आणि ते बाकावरून उठले, वही पडली, दार ढकलून बाहेर धावले. धावताना उजव्या डोळ्यापुढे अर्धं जग काळं होतं. डाव्या डोळ्यानं मागे पाहिलं तर स्वच्छ सकाळ होती आणि आडोशाचं दार नुसतं हलत होतं.

उजवा डोळा झाकून धावत येणारे घड्याळजी शिट्टीवाल्या बाईंनी पाहिले. पर्यटकांना फिरवायची बॅटरीची गाडी होती, तीत त्यांना बसवलं आणि जी गाडी कुंपणाबाहेर न्यायला सक्त मनाई आहे ती भर रस्त्यानं डोळ्यांच्या इस्पितळापर्यंत नेली. गाडी माणसाच्या चालीनं चालायची. मागे मोटारींची रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला की बाई शिट्टी वाजवायच्या.

७

"पडदा सुटत होता," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी काळे ठिपके दिसले असतील. कडेला. मग सावली. बरोबर?"

"ठिपका," घड्याळजी म्हणाले. "एकच होता."

"दुपारपर्यंत थांबला असतात तर डोळा गेला होता. नशीब, धावलात."

"दिसत होतं त्याचं कळलं, डॉक्टर. पण ऐकू येत होतं त्याचं काय?"

"कान दुसऱ्या मजल्यावर," त्या म्हणाल्या आणि शस्त्रक्रियेच्या तयारीला लागल्या.

पडदा पुन्हा चिकटवला. तो जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला, आणि बुडबुडा जागेवर राहावा म्हणून दहा दिवस तोंड खाली. झोपताना पालथं, बसताना मान छातीला. उजव्या डोळ्यावर पट्टी. घड्याळजींना आता जगात फक्त फरशा दिसत होत्या आणि माणसं पायांवरून ओळखावी लागत होती.

तिसऱ्या दिवशी पलंगाशेजारी बायकोच्या चपलांजवळ दुसऱ्या चपला येऊन थांबल्या. वहिनी, कंपाउंडरची बायको. तिच्याशी बोलायला नऊ महिने त्यांना तोंड नव्हतं. आता तर अक्षरशः नव्हतं.

"कसं आहे आता?" तिनं विचारलं. तक्रारीचा एक शब्द नाही. मग बायकोला म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी ह्यांनी मला इतकं घाबरवलं! साडेसात वाजले असतील. डावा हात चादरीवर असा असा सरकायला लागला. बोटं पेन्सिल धरल्यासारखी. आणि तोंडानं टच्, टच्. घशात काही अडकलं म्हणून मी पाठ चोळायला गेले, तर मला कोपरानं ढकललं हो! इतका जोर कुठून आला देव जाणे. घामानं ओलेचिंब. गेल्या महिन्यातही झालं होतं असंच थोडंसं. तोही रविवारच होता."

फरशीवर एक थेंब पडला. मग दुसरा. पालथ्या माणसाचे डोळे सरळ खाली गळतात, गालावर ओघळायची सोय नसते.

"हे काय, दुखतंय का?" बायको म्हणाली.

"मला त्याच्याकडे न्या," घड्याळजी फरशीला म्हणाले.

८

आठव्या दिवशी कंपाउंडरच्या घरी नेलं. सकाळचं ऊन खोलीत आलं होतं. बायकोनं हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मान खाली. समोर चाकांच्या खुर्चीचा पाय ठेवायचा पत्रा, त्यावर कंपाउंडरची पावलं. उजवं निर्जीव, डावं जरा आत वळलेलं. घड्याळजींनी त्या पावलांशी बोलायला सुरुवात केली.

"मी आलो नाही, कारण तुझं गप्प तोंड मला बघवलं नसतं. आता बघताच येत नाही, म्हणून आलो."

बायको नाकातून हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

सोबत पहिल्या वर्षापासूनची वही आणली होती. खाली मान घालून वाचायला वही फार सोयीची. घड्याळजींनी डाव्या डोळ्यानं ते पान काढलं, घसा साफ केला आणि मुद्दाम, ठासून, बंदी असलेला शब्द उच्चारला.

"चांदवे, एकोणसत्तर!"

डावं पाऊल पत्र्यावर आपटलं.

"राग आला, राग आला त्यांना!" वहिनी पुढे आली. पण त्यापुढे काही आलं नाही. नुसती हवा, घशातली, येऊन परत जाणारी. घड्याळजींनी पुढचा आकडा वाचला. त्याच्या पुढचा. पानं उलटली. वर्षं उलटली. ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेलं. पत्र्यावरचं पाऊल पुन्हा हललं नाही. वाचून वाचून घड्याळजींचा घसा बसला.

"राहू द्या आता," वहिनी हळूच म्हणाली. "दमलात. प्रयत्न केलात, खूप झालं."

वही मिटली. घड्याळजींना एकदम फार म्हातारं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून, हात रिकामे झाले म्हणून, ते म्हणाले, "अजून असतं काही मोजायला तर वाचलं असतं. पण इथं काय आहे? फरशीवरची पावलं." आणि मोजू लागले, उजवीकडून डावीकडे, नेहमीसारखं. वहिनीची जोडी, टाचेला भेगा. कंपाउंडरची. बायकोची, जोडव्याचा जुना व्रण. आपली स्वतःची. आणि दाराजवळ, पडद्याखाली, डाव्या टोकाला.

"जोड्या, पाच."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

पट्टी उजव्या डोळ्यावर होती. बघत होता तो डावा. ह्या डोळ्याला काही झालेलं नव्हतं. दाराजवळच्या त्या पावलांखाली फरशी ओली होती, आणि ओल बोटाबोटानं पुढे येत होती. बोटांकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. मान वर करायला बंदी होती, आणि जन्मात पहिल्यांदा घड्याळजींना डॉक्टरची बंदी देवासारखी वाटली. ओरडावं तर घसा बसलेला. खोलीतल्या बाकी दोघींना काही दिसत नव्हतं. त्या वही कुठं ठेवायची ह्यावर बोलत होत्या.

टच्.

समोरून आला. चाकांच्या खुर्चीतून. आणि मग, दगडाखालून ओढून काढल्यासारखा, अर्धा मोडलेला, पण कामातला आवाज.

"ए... एक... कमी."

खोलीत काय झालं ते सांगता येत नाही, कारण सगळ्यांनी ते एकदम केलं. वहिनी किंचाळली, बायकोनं भावाच्या गळ्यात हात टाकले, कुणाचा तरी धक्का लागून पाण्याचा पेला पडला, दोघी हसत होत्या, रडत होत्या, "बोलले! अहो, बोलले!" म्हणत होत्या. घड्याळजी तेवढे जागेवर बसून होते. त्यांनी पुन्हा मोजलं. नियमच तसा होता.

"जोड्या, चार," ते म्हणाले.

"चार," समोरून आलं.

दाराचा पडदा हलत होता. फरशीवरची ओल पेल्यातल्या पाण्याची की कशाची, हे पुसून घेताना वहिनीनं पाहिलं नाही.

९

थंडी सरत आली तेव्हा तिसऱ्या तळ्यावरच्या आडोशात चाकांची खुर्ची जाईल एवढं दार शिट्टीवाल्या बाईंनी करवून घेतलं होतं. कुणाची परवानगी काढली हे कुणी विचारलं नाही. शिट्टी गळ्यात होती. घड्याळजी डावीकडे बसले. दुर्बिणीला त्यांनी उजवाच डोळा लावला. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण कडा स्वच्छ होत्या. कंपाउंडर उजवीकडे, वही मांडीवर. लिहायचं डाव्या हातानं. अक्षर आता हुबेहूब डॉक्टरसारखं झालं होतं आणि ह्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

बोलणं अजून चार-पाच शब्दांच्या पुढे जात नव्हतं. रोज एखादा नवा सापडत होता.

घड्याळजींनी बरेच दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. पाण्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं. "तो जास्तीचा कोण होता रे?"

कंपाउंडर बराच वेळ शब्द गोळा करत राहिला.

"मोजला की..." तो म्हणाला आणि थांबला. बोटानं वहीवर टकटक केलं. "मोजला की राहतो."

"आणि नाही मोजला तर?"

कंपाउंडरनं खांदा उडवला. एकच उडाला, पण पुरेसा होता.

बाहेर धुकं उठत होतं. कोवळ्या उन्हात चांदवे भांडत होते, बुडत होते, प्रत्येकामागे पाण्यावर एक चकचकीत रेघ. पलीकडच्या पायवाटेवरून सायकली जात होत्या. घड्याळजींनी उजवीकडून मोजायला सुरुवात केली. डाव्या टोकाशी आल्यावर श्वास रोखला, शेवटच्या चांदव्याचं कपाळ नीट पाहिलं. टिळा होता. त्याच्यापुढे पाणी होतं, नुसतं पाणी, आणि त्यावर ऊन.

"चांदवे," ते म्हणाले, "साठला एक कमी."

टच्.

"साठला... एक... कमी," कंपाउंडर म्हणाला आणि मग, जीभ दातांमागे अडखळवत, आज सकाळीच सापडलेला नवा शब्द त्यानं पुढे लावून दिला. "बरोबर."